पाण्याचा रंग आणि पक्की भिंत

दसरा-दिवाळी जवळ आली कीं घरोघर एका जुन्या वादास तोंड फुटतें. घराला रंग द्यावयाचा हें सर्वांस मान्य असतें. प्रश्न एवढाच कीं तो तेलाचा द्यावा कीं पाण्याचा. वडील मंडळींचें मत बहुधा ठरलेलें असतें: जो रंग पाण्यांत कालवितात तो पाण्यानेंच जावयाचा; पक्कें काम हवें असेल तर तेलाचाच रंग हवा. हें मत आज बरोबर नसलें तरी तें उगीच बनलेलें नाहीं. ज्यांनीं चुन्याची सफेदी आणि सरसाचें डिस्टेंपर पाहिलें, भिंतीला टेकतांच पाठ पांढरी झाल्याचा अनुभव घेतला आणि पावसाळ्यांत भिंतीवरून उतरलेले ओघळ पुसले, त्यांना पाण्याचा रंग म्हणजे कच्चा रंग असें वाटावें यांत नवल नाहीं. परंतु आज दुकानांत ‘इमल्शन’ या नांवानें जो रंग मिळतो तो पाण्यांत असूनही पाण्यानें जात नाहीं. असें कां होतें हें एकदां नीट समजलें म्हणजे तो कोठें वापरावा, कोठें वापरूं नये आणि तो फसला तर दोष कशाचा, हे तिन्ही प्रश्न बव्हंशीं आपोआप उलगडतात. प्रस्तुत लेखांत तेवढेंच सांगण्याचा आमचा विचार आहे.

रंगांतील तीन वस्तु

कोणताही रंग घेतला तरी त्यांत मुख्यतः तीन वस्तु असतात. पहिली रंगद्रव्य, म्हणजे डोळ्यांना दिसणारी भुकटी. पांढऱ्या रंगांत ती आज बहुधा टायटॅनियम डायऑक्साइडची असते. दुसरी बंधक, म्हणजे त्या भुकटीचे कण एकमेकांस आणि भिंतीस बांधून धरणारा पदार्थ. तिसरी वाहक, म्हणजे हें सर्व कुंचल्यानें पसरतां यावें म्हणून त्यास पातळ ठेवणारा द्रव. रंग वाळतो तेव्हां वाहक उडून जातो आणि भिंतीवर राहतात तीं रंगद्रव्य व बंधक हीं दोनच. म्हणून रंगाचें आयुष्य ठरतें तें बंधकावरून, वाहकावरून नव्हे. ‘पाण्याचा रंग कच्चा’ असें म्हणणारा मनुष्य पाहुण्याच्या टांग्यावरून पाहुण्याची पारख करितो, असेंच म्हणावें लागेल.

जुन्या रंगांकडे या दृष्टीनें पाहावें. चुन्याच्या सफेदींत चुना हाच रंगद्रव्य आणि चुना हाच बंधक. हवेतील कार्बन डायऑक्साइड वायु शोषून तो पुन्हां चुनखडीचें रूप घेतो, पण त्याची पकड बेताचीच असते. जुन्या डिस्टेंपरांत खडूची भुकटी सरसानें बांधीत. सरस हा जनावरांच्या कातड्यापासून व हाडांपासून काढलेला पदार्थ पाण्यांत विरघळतो, आणि भिंतीवर वाळल्यावरही ओल लागतांच पुन्हां मऊ पडतो. कच्चेपणा होता तो या सरसाचा; बदनाम झालें तें पाणी. तेलरंगांत जवसाचें तेल किंवा तेलापासून बनविलेलें अल्किड नांवाचें रेझिन हा बंधक असतो. तो हवेतील ऑक्सिजन घेऊन घट्ट होतो व मग पाण्याला दाद देत नाहीं. मात्र त्यास पातळ करण्यासाठीं टर्पेंटाइन अथवा खनिज तेलापासून काढलेला तसलाच द्रव घालावा लागतो, आणि तो सर्वच्या सर्व आपल्या घरच्या हवेंत जातो.

दूध, चीक आणि इमल्शन

मग पाण्यांत राहणारा, परंतु वाळल्यावर पाण्याला न जुमानणारा बंधक कोठून आणावा? निसर्गानें याचा धडा पूर्वींच घालून दिलेला आहे. दूध हें पाणीच. पण त्यांत स्निग्धांशाचे अतिसूक्ष्म थेंब न विरघळतां तरंगत असतात. रबराच्या झाडाचा चीक हेंही तसेंच. पाण्यांत तरंगणारे रबराचे कण वाळून एकत्र आले म्हणजे जें रबर होतें तें पुन्हां कितीही पाणी घातलें तरी चीक होत नाहीं. अशा मिश्रणास शास्त्रीय परिभाषेंत पायस म्हणतात. बाजारांतील नांव इमल्शन.

रंगाच्या इमल्शनमधील कण रबराऐवजीं कृत्रिम पॉलिमरचे असतात. पॉलिमर म्हणजे लहान लहान रेणूंची माळ; एकेका माळेंत असे हजारों मणी ओवलेले असतात. असे अतिदीर्घ रेणु खरोखर असूं शकतात हें जर्मन रसायनशास्त्रज्ञ हर्मान श्टाउडिंगर यानें १९२० सालीं मांडलें, तेव्हां त्याच्या समव्यवसायी पंडितांनीं तें सहजासहजीं मानलें नाहीं. नोबेल पारितोषिक त्यास मिळालें तें १९५३ सालीं. कारखान्यांत पाण्याच्या मोठ्या पात्रांत साबणासारखें द्रव्य घालून त्यांत हे लहान रेणु सोडतात व ढवळीत असतां त्यांची माळ ओवणारें रसायन मिसळतात. शेवटीं जो दुधासारखा द्रव तयार होतो त्यांत वजनानें साधारणतः अर्धें पाणी व अर्धें पॉलिमर असतें. कणांचा आकार इतका सूक्ष्म कीं एका मिलिमीटरच्या लांबींत असे सुमारें पांच हजार कण ओळीनें बसतील.

या युक्तींत एक मोठी सोय आहे. पॉलिमरची माळ जितकी लांब तितका रंगाचा थर चिवट. परंतु लांब माळा द्रावकांत विरघळविल्या तर मिश्रण काकवीसारखें दाट होतें आणि तें पातळ करण्यास आणखी द्रावक ओतावें लागतें. इमल्शनमध्यें त्याच माळा कणांच्या पोटांत गुंडाळून बसलेल्या असतात व भोंवतीं पाणी मोकळें वाहत असतें. त्यामुळें माळ लांब राहूनही द्रव पातळ राहतो. चिवटपणा आणि पातळपणा हे एकमेकांचे वैरी येथें एका भांड्यांत सुखानें नांदतात.

आतां भिंतीवर काय घडतें तें पाहूं. पाणी उडूं लागतें तसे कण जवळ येतात व शेवटीं एकमेकांस भिडतात. कणकेचे गोळे डब्यांत दाबून भरले म्हणजे ते चेपतात, त्यांच्यामधील फटी बुजतात आणि कांहीं वेळानें कोणता गोळा कोठें संपतो हें ओळखतां येत नाहीं. तसेंच येथें होतें. शेजारच्या कणांतील माळा एकमेकींत गुंततात आणि अखंड पापुद्रा बनतो. पुढें पाणी आलें तरी तें या गुंतलेल्या माळा सोडवून पुन्हां कण करूं शकत नाहीं. सुतारकामाचा पांढरा डिंक वाळतांना पारदर्शक होतो तो यामुळेंच: कण सुटे असतांना ते प्रकाश विखुरतात म्हणून द्रव पांढरा दिसतो, आणि कण एकजीव झाले कीं पांढरेपणा नाहींसा होतो.

येथेंच एक इशाराही दडलेला आहे. हें मीलन पुरें होण्यापूर्वीं पाऊस आला तर रंग वाहून जाईल. उन्हानें तापलेल्या भिंतीनें पाणी झटकन ओढून घेतलें, किंवा थंडी इतकी असली कीं कण कठीणच राहिले, तर पापुद्रा तुटक बनेल. रंगारी बचतीसाठीं डब्यावर लिहिल्याहून अधिक पाणी घालतो तेव्हां थर विरळ बसतो आणि मग हात लावतांच भुकटी निघते. अशा वेळीं ‘पाण्याचा रंग कच्चाच’ हा जुना निकाल पुन्हां दिला जातो.

युद्धांतून घरांत

या पदार्थास घरांत आणण्यास दुसरें महायुद्ध कारण झालें. १९४२ सालीं मलायांतील रबराचे मळे जपानच्या हातीं गेले तेव्हां अमेरिकेनें ब्युटाडाइन आणि स्टायरीन यांपासून कृत्रिम रबर प्रचंड प्रमाणावर बनविण्यास आरंभ केला, आणि तें बनविण्याची रीत इमल्शनचीच होती. युद्ध संपल्यावर हें ज्ञान व ही सामग्री दुसऱ्या कामास मोकळी झाली. १९४८ सालीं ग्लिडन कंपनीनें ‘स्प्रेड सॅटिन’ नांवाचा पाण्याचा रंग अमेरिकन बाजारांत आणला; त्याचा बंधक हा त्याच कुळांतला होता. त्यानंतर १९५३ सालीं रोम अँड हास या कंपनीनें रंगासाठीं शुद्ध ॲक्रिलिक इमल्शन विकावयास काढलें. तें सूर्यप्रकाशांत अधिक टिकत असल्यामुळें बाहेरच्या भिंतींसही पाण्याचा रंग देतां येऊं लागला.

आपल्याकडे हा पदार्थ सर्वांच्या परिचयाचा झाला तो रंगापेक्षां सुतारकामामुळें. १९५९ सालीं मुंबईंत बळवंत पारेख यांच्या कंपनीनें ‘फेव्हिकॉल’ बाजारांत आणलें. तें पॉलिव्हिनिल ॲसिटेटचें इमल्शनच होय. तत्पूर्वीं सुतारास सरसाचें भांडें शेगडीवर तापवीत बसावें लागे व त्याची दुर्गंधि घरभर पसरे. ज्या घरांत त्या वासानें आजीबाई नाकाला पदर लावीत त्या घरांस या पांढऱ्या डिंकाचें महत्त्व सांगावयास नको.

घरच्या माणसांचा फायदा

पाण्याच्या रंगाचे कांहीं गुण उघड आहेत. वास थोडा, वाळण्यास वेळ थोडा. एक हात दिल्यावर बहुधा कांहीं तासांतच दुसरा हात देतां येतो, आणि कुंचले साध्या पाण्यानें धुतां येतात. टर्पेंटाइनची वाफ पेट घेऊं शकते व जवसाच्या तेलांत भिजलेल्या चिंध्यांचा ढीग आपोआप तापून पेटल्याचेंही घडतें. ज्या घरांत देवाजवळ निरांजन आणि स्वयंपाकघरांत शेगडी आहे तेथें ही गोष्ट क्षुल्लक नव्हे. तेलरंग कालांतरानें पिंवळा पडतो, आणि चमत्कार असा कीं तो उजेडापेक्षां अंधारांत अधिक पिंवळा पडतो. कपाटामागची भिंत पाहिल्यास याचा प्रत्यय येईल. ॲक्रिलिकच्या रंगास ही खोड जवळजवळ नाहीं. शिवाय सिमेंटच्या नव्या गिलाव्यांत क्षार असतात. तेलाची व क्षाराची गांठ पडली कीं भिंतीवरच साबण तयार होतो व रंग चिकट होऊन सुटतो. ॲक्रिलिकला त्या क्षाराची भीति फारशी नाहीं.

परंतु सर्वांत मोठा फायदा आरोग्याचा आहे, आणि तो नुसत्या वासापुरता नाहीं. १९७० नंतरच्या दशकांत डेन्मार्कमध्यें व इतर उत्तर युरोपीय देशांत असें दिसून आलें कीं वर्षानुवर्षें द्रावकयुक्त रंगांची वाफ घेणाऱ्या रंगाऱ्यांची स्मरणशक्ति व चित्ताची एकाग्रता मंदावते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संशोधन संस्थेनें १९८९ सालीं रंगाऱ्याच्या धंद्यांत होणारा रसायनांचा संसर्ग कर्करोगास कारण होणाऱ्या गोष्टींच्या पहिल्या वर्गांत घातला. द्रावकांच्या वाफा उन्हांत इतर वायूंशीं मिळून ओझोन उत्पन्न करितात व शहराची हवा बिघडवितात. म्हणून युरोपीय संघानें २००४ सालीं निर्बंध केला आणि त्यानुसार २०१० पासून घरांतील भिंतींच्या बिनचमकेच्या रंगांत एका लिटरमागें ३० ग्रॅमहून अधिक उडून जाणारें द्रव्य असूं नये असें ठरलें. घरचीं माणसें चार दिवस दुसऱ्या खोलींत निजूं शकतात. रंगाऱ्याला मात्र वर्षाचे बहुतेक दिवस त्याच हवेंत काढावे लागतात. एकत्र कुटुंबांत तर बाळंतिणीची खोली, दमेकरी आजोबांची खाट आणि मुलांचा अभ्यास हीं सर्व एकाच छपराखालीं असतात. तेथें हा विचार रंगाच्या छटेहून आधीं व्हावयास हवा.

तथापि पाण्याचा रंग म्हणजे निव्वळ पाणी, असा उलट भ्रमही नको. कण एकजीव व्हावेत म्हणून त्यांत थोडें द्रावक बहुधा असतें, आणि रंग डब्यांत नासूं नये म्हणून जंतुनाशक द्रव्यें असतात. तीं कांहीं माणसांच्या कातडीस बाधतात. शिशाचा प्रश्न तर वेगळाच आहे. शिसें येतें तें रंगद्रव्यांतून व सुकविणाऱ्या द्रव्यांतून, आणि लहान मुलांच्या मेंदूस तें अत्यंत घातक आहे. भारत सरकारनें २०१६ सालीं नियम केला व १ नोव्हेंबर २०१७ पासून घरगुती रंगांत दहा लक्ष भागांस ९० भागांहून अधिक शिसें असूं नये असें बंधन आलें. डब्यावर तसा उल्लेख आहे कीं नाहीं तें पाहावें. जुन्या दारांखिडक्यांवरील तेलरंगांत शिसें असण्याचा संभव असतो. तो कोरडा घासून त्याची धूळ घरांत उडवूं नये, पाण्यानें भिजवून घासावा व त्या वेळीं मुलांना दूर ठेवावें.

सिमेंटच्या पोटांत पॉलिमर

हेंच इमल्शन आतां भिंतीवरून भिंतीच्या आंतही गेलें आहे. सिमेंटमध्यें रबराचा चीक मिसळण्याची कल्पना जुनी आहे. क्रेसन यानें १९२३ सालीं व लेफेब्यूर यानें १९२४ सालीं इंग्लंडांत त्याविषयीं पेटंट घेतलीं होतीं. आज त्या चिकाच्या जागीं स्टायरीन-ब्युटाडाइन किंवा ॲक्रिलिक इमल्शन वापरतात, आणि पॉलिमरचें प्रमाण सिमेंटच्या वजनाच्या ५ ते २० टक्के असतें. सिमेंट पाणी पिऊन घट्ट होत असतां इमल्शनचे कण त्याच्या छिद्रांत साचतात व तेथेंच पापुद्रा धरितात. त्यामुळें पाण्याच्या वाटा अरुंद होतात, जुन्या कामास नवें काम घट्ट चिकटतें, आणि एरवीं ठिसूळ असलेला मसाला थोडा लवचीक होऊन तडा जाण्यापूर्वीं कांहीं ताण सोसतो.

मुंबईसारख्या सागरकांठच्या शहरांत याचें महत्त्व मोठें आहे. काँक्रीटमधील क्षारामुळें आंतील लोखंडी सळ्यांस गंज चढत नाहीं. परंतु हवेतील कार्बन डायऑक्साइडनें तो क्षार मावळत जातो आणि खारी हवा मीठ आंत नेते. मग सळई गंजते. गंजास लोखंडाहून दुपटीपेक्षां अधिक जागा लागत असल्यामुळें बाहेरचें काँक्रीट फुगून गळून पडतें. गॅलरीच्या खालच्या अंगास उघड्या पडलेल्या तांबूस सळ्या आमच्या पुष्कळ वाचकांनीं पाहिल्या असतील. अशा जागीं साधा सिमेंटचा गिलावा थापणें म्हणजे गळूवर चंदनाचा लेप लावणें होय. सुटलेलें काँक्रीट खरवडून, सळईचा गंज काढून, तिला संरक्षक लेप देऊन मग पॉलिमरयुक्त मसाला भरणें ही योग्य रीत आहे. खांब व तुळया यांत इजा असेल तर मात्र इंजिनियरच्या तपासणीवांचून हात घालूं नये. येथें प्रश्न शोभेचा नसून घरांतील माणसांच्या जीविताचा असतो.

न्हाणीघराच्या व गच्चीच्या कामांतही हा पदार्थ वापरतात, आणि तेथें दोन चुका नेहमीं घडतात. पहिली ही कीं कारागीर स्वस्त म्हणून सुतारी पांढरा डिंक सिमेंटमध्यें मिसळतात. पॉलिव्हिनिल ॲसिटेट लांकडास उत्तम. पण ओल आणि सिमेंटचा क्षार एकत्र आले कीं तें हळूहळू विघटन पावतें. सतत ओल्या राहणाऱ्या जागीं स्टायरीन-ब्युटाडाइन किंवा ॲक्रिलिकच हवें. दुसरी चूक ही कीं जुन्या कामावर चिकटविण्याचा हात देऊन कारागीर जेवायला जातो व परत येईतों तो वाळतो. वाळलेला हात सांधीत नाहीं. उलट दोन थरांमध्यें पडदा होऊन बसतो. नवा मसाला तो ओलसर चिकट असतांनाच घातला पाहिजे. साध्या सिमेंटप्रमाणें यावर आठ-पंधरा दिवस पाणी मारीत राहूंही नये. आरंभीं दोन-तीन दिवस ओल व नंतर हवेंत वाळणें, असा साधारण क्रम असतो. कारण येथें सिमेंटला पाणी हवें असतें आणि पॉलिमरला पाणी जावयास हवें असतें.

कोठें थांबावें

प्रत्येक भिंतीस हा रंग द्यावा असें आमचें म्हणणें नाहीं. पुण्यांतले जुने वाडे आणि कोंकणांतलीं चुन्याच्या गिलाव्याचीं घरें जमिनींतून ओल घेतात व भिंतींतून ती बाहेर सोडतात. इमल्शनचा थर तेलरंगापेक्षां अधिक वाफ जाऊं देतो हें खरें. परंतु चुन्याइतकी नाहीं. अशा भिंतीवर तो दिला कीं ओल आंत अडते, लोणा लागतो आणि वर्षभरांत पोपडे सुटतात. तेथें चुन्याची सफेदीच शहाणपणाची. जुन्या चुन्यावर इमल्शन द्यावयाचेंच असल्यास सुटा चुना पूर्ण खरवडून अस्तराचा हात आधीं द्यावा. नाहींतर नवा रंग भिंतीस न चिकटतां त्या भुकटीस चिकटेल व तिच्यासह खालीं येईल. बाहेरील लोखंडी गजांस अजून बहुधा तेलाचाच रंग देतात, आणि तेथें वासाची अडचणही कमी असते. रंगाचें उरलेलें पाणी विहिरीकांठीं किंवा तुळशीच्या आळ्यांत ओतूं नये. त्यांतील पॉलिमर मातींत सहजासहजीं कुजणारें नव्हे. कुंचला आधीं जुन्या कागदावर पुसून घ्यावा, मग थोड्या पाण्यांत धुवावा, आणि डब्यांत उरलेला रंग वाळवूनच टाकावा.

सर्वांत महत्त्वाची परीक्षा रंग आणण्यापूर्वीं करावयाची आहे, आणि तिला खर्च जवळजवळ नाहीं. प्लास्टिकच्या जाड कागदाचा हातभर तुकडा भिंतीवर ठेवून चारी कडा चिकटपट्टीनें बंद कराव्या व रात्रभर तसाच राहूं द्यावा. सकाळीं कागदाच्या आंतल्या बाजूस दंव दिसलें किंवा भिंत काळसर झाली असली तर ओल अजून भिंतींत आहे. मग गळका नळ, गच्चीची भेग, शेजारची मोरी, जें कांहीं मूळ असेल तें आधीं शोधावें आणि नव्या गिलाव्यास निदान महिनाभर वाळूं द्यावें. दुकानांत जाण्याचा दिवस ठरवावा तो या सकाळच्या कागदाकडे पाहून. पंचांगाकडे पाहून नव्हे.